कृपया भाव करू नये

२ जानेवारी २०२३

नवीन वर्षाचा संकल्प काल करायचा होता. पण काल नागपूरला गेलो होतो आणि परत येईपर्यंत संकल्पाचा मूड राहिला नव्हता. आज करतो. यापुढे भाव करणार नाही आणि कुणाला करू देणार नाही.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे राग टिकेल. आमच्या रेकॉर्ड प्लेअरची सुई तुटून दोन वर्षं झाली. ती घ्यायला भूषणच्या दुकानात गेलो. भूषण जुन्या रेकॉर्डी विकतो. वय माझ्या निम्मं, दाढी माझ्या दुप्पट. सुई बाराशे म्हणाला. मी सहाशे म्हटलं. त्याने मोबाईलमधून मान वर न काढता भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. फिक्स्ड रेट. मी आठशे म्हटलं. पुन्हा तेच बोट. मी उठलो, दारापर्यंत गेलो, बूट घालायला जितका वेळ लावता येतो तितका लावला. हाक आली नाही. परत आत जाऊन छत्री विसरलो का ते पाहिलं. छत्री नेलीच नव्हती. तरी हाक नाही.

मोहाडीच्या बसमध्ये बसल्यावर डोकं शांत झालं आणि लक्षात आलं, की हा पोरगा एक शब्द न बोलता जिंकला. त्याची पाटी जिंकली. याला म्हणतात सिस्टीम.

सुई घेतली नाही. फिक्स्ड रेटला माझा पूर्ण पाठिंबा आहे. त्याच्या रेटला नाही.

३ जानेवारी

स्वातीला योजना सांगितली. आमचं साड्यांचं दुकान गेली तीस वर्षं तीच चालवते. मी जिल्हा परिषदेतून रिटायर झाल्यापासून दुकानात मदत करतो. ती याला ‘बसणं’ म्हणते. असो. योजना अशी, की मागच्या भिंतीचं कपाट मला द्यायचं, तिथे माझ्या रेकॉर्डी मांडायच्या आणि विकायच्या. तीनशेच्या आसपास आहेत. जुन्या भंडारा जिल्ह्यात, म्हणजे गोंदिया धरून, एवढा संग्रह कुणाकडे नसावा. नव्या जिल्ह्यात तर नाहीच.

स्वाती म्हणाली, अवो, इथं रेकॉर्डी कोन घेईन? मी म्हटलं, सगळ्या जगात पुन्हा फॅशन आली आहे. म्हणाली, जगात आली असन, मोहाडीत नाही आली. पण कपाट दिलं. लगनसराईच्या आधी रिकामं पाहिजे, अशी अट घातली. तोपर्यंत माल उरणारच नाही, म्हणून लगेच मान्य केली.

६ जानेवारी

पाटी झाली. भिंतीवरच ऑइल पेंटने लिहून घेतली, म्हणजे कुणाला काढता येणार नाही. मजकूर माझा.

‘एकच दाम. कृपया भाव करू नये. कारण सांगू नये. लिहिलेला भाव देईल त्याला माल मिळेलच.’

‘कारण सांगू नये’ हे भूषणलाही सुचलं नव्हतं. स्वातीच्या गिऱ्हाइकांचा अभ्यास करून काढलं आहे. बाई साडी बघायला येते आणि आधी सून बाळंत झाल्याचं सांगते, मग नवऱ्याच्या गुडघ्याचं, मग यंदा धान किती झालं ते. स्वाती सगळं ऐकते, चहा मागवते, मध्येच स्वतःच्या गुडघ्याचं सांगते, आणि शेवटी पन्नास रुपये कमी करते. एका साडीला पाऊण तास. कारणच ऐकलं नाही तर पन्नास रुपयेही वाचतात आणि पाऊण तासही.

शेवटचं वाक्य भिंतीवर जागा उरली म्हणून घातलं. भारदस्त वाटतं.

८ जानेवारी

दिवसभर स्टिकर लावले. एकच अडचण आली, ती सोडवली.

स्वातीच्या माहेरच्या ट्रंकेतून आलेली एक लहान रेकॉर्ड आहे. भीमगीतांची, नागपूरच्या कुठल्याशा बंद पडलेल्या कंपनीची. वर छापलंय, ‘शकुनबाई आणि पार्टी, कोंढा’. त्या पार्टीत क्लॅरोनेट वाजवणारे भैय्यालाल म्हणजे माझे सासरे. विणकाम करायचे आणि लग्नात बँडमध्ये वाजवायचे. कुणी गाण्याला बोलावलं की तिथेही जायचे. त्यांचं नाव छापलेलं नाही. दुसऱ्या कडव्यानंतर क्लॅरोनेट थोडा वेळ एकटंच वाजतं, तेवढे सासरे. फोटो एकच आहे आणि त्यातही ते पाठमोरे. म्हणजे त्यांचं असं उरलेलं काय, तर ही रेकॉर्ड. स्वाती ती मधूनमधून काढून पदराने पुसते.

स्वाती म्हणाली, बाकी काय विकायचं ते विका, हे नाही. मी समजावलं, की सिस्टीममध्ये अपवाद चालत नाही. एका मालावर भाव नसला की लोक विचारतात, विचारलं की बोलणं होतं, आणि बोलणं झालं की संपलं. म्हणून तिच्यावरही स्टिकर लावलं. पंधरा हजार. आता ती कुलपात असल्यापेक्षा सेफ आहे. लहान तबकडीचे पंधरा हजार देणारा माणूस भंडारा जिल्ह्यात अजून जन्मायचा आहे. शिवाय तिच्या शेजारी बाकीचे भाव स्वस्त दिसतात. एका स्टिकरमध्ये दोन कामं.

म्हणाली, नाही विकायची तं मांडता कायले? मी म्हटलं, शोभेला. मग म्हणाली, सुई कवा आनता? मी म्हटलं, नागपूरशी बोलणी चालू आहेत.

१५ जानेवारी

विक्री नाही. समोरच्या चपलांच्या दुकानाचा जागेश्वर आला होता. त्याच्याकडे प्लेअर नाही. तरी चाळीसची रेकॉर्ड वीसला मागितली. मी पाटीकडे बोट केलं. पंचवीस म्हणाला. बोट. तीस म्हणाला तेव्हा हा घेतो की काय असं वाटलं, पण बोट खाली आणलं नाही. म्हणाला, भाव नाही करायचा तं मानसानं दुकानात यायचं कायले? आणि चहा न घेता गेला. तीस वर्षांत पहिल्यांदा.

शिस्त लावायची तर एवढं होणारच.

१८ जानेवारी

स्वातीची दोन गिऱ्हाइकं पाटी वाचून दारातूनच परत गेली. त्यांना वाटलं, साड्यांनाही लागू. स्वातीने पाटीवर एक साडी टांगली. मी काढली. तिने टांगली. मी काढली. संध्याकाळी तडजोड झाली. तिची गिऱ्हाइकं असताना साडी, माझी असताना पाटी. माझी अजून नसल्यामुळे सध्या साडीच.

२४ जानेवारी

पहिली विक्री! शाळेचे एक गुरुजी आले आणि सहा रेकॉर्डी घेऊन गेले. कुठल्याही द्या म्हणाले. सव्वीस जानेवारीच्या डेकोरेशनला काळी चक्रं हवी होती. डझनाचा वेगळा भाव आहे का विचारलं. बोट दाखवलं. तेव्हा सहावरच थांबले. पण भाव पडला नाही, हे महत्त्वाचं.

५ फेब्रुवारी

तुमसरला एका राइस मिलवाल्याचं जुनं घर रिकामं होतंय असं कळलं. गेलो. पेटीभर रेकॉर्डी. मालक दोन हजार म्हणाला. मी पाचशेपासून सुरुवात केली. (दोन तारखेच्या संकल्पात ‘भाव करणार नाही’ असं लिहिलंय, पण ते रागात लिहिलं होतं. तो विक्रीपुरता समजावा.) त्याला सांगितलं की बायकोचं दुखणं आहे, मुलगी शिकते आहे. मुलगी आम्हाला नाही. मुलगा आहे, पुण्याला, माझ्या पेन्शनहून जास्त कमावतो. पण सगळी दुपार घालवून पेटीचा भाव सातशेवर आणला. तेराशे वाचले. शेवटची बस गेली, म्हणून ऑटो करावा लागला. ते पैसे यात धरत नाही.

घरी येऊन पेटी उघडली. सगळ्या रेकॉर्डी इंग्रजी शॉर्टहँड शिकवण्याच्या आहेत. एकच साहेब पत्रं सांगतो आणि आपण उतरवून घ्यायची. पेटीभर तोच साहेब.

१२ फेब्रुवारी

आज एक सभ्य माणूस आला. संघपाल नाव. पस्तिशीचा असेल. पवनीला बँकेत आहे, गाव कोंढा. व्हॉट्सअॅपवर कुणीतरी माझ्या कपाटाचा फोटो टाकला, तो बघून एवढ्या लांब आला. सरळ त्या लहान रेकॉर्डपाशी गेला. दोन्ही हातांनी उचलली. वरचं नाव बराच वेळ वाचत होता. मग स्टिकर वाचलं, तेही बराच वेळ.

म्हणाला, काकाजी, काही कमी होईन का जी? बोट. म्हणाला, नाही, म्हंजे माही आजी... तिथेच थांबवलं. भाव पाडायला गिऱ्हाईक सगळ्यात आधी आजीच काढतं. त्याला पाटी पूर्ण वाचायला लावली. त्याने वाचली. रागावला नाही. उलट म्हणाला, सगळ्याले एकच भाव, हे बरं हाये जी. काही ठिकानी मानूस कोन हाये ते पाहून भाव सांगतेत.

मला भरून आलं. माझी सिस्टीम समजणारा पहिला माणूस, आणि त्याच्याकडे पंधरा हजार नाहीत.

स्वाती तेव्हा स्वयंपाकाला घरी गेली होती. तिला काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही झालंच नाही.

२२ फेब्रुवारी

स्वातीने मोबाईलवरून पैसे घ्यायचा बोलणारा डबा आणला. पैसे आले की आकडा मोठ्याने सांगतो. सिस्टीमला शोभणारी वस्तू. मी त्याचं तोंड माझ्या कपाटाकडे फिरवून ठेवलं. दिवसभर साड्यांचेच आकडे सांगत होता.

५ मार्च

संघपाल परत आला. स्वाती लगनसराईचा माल बघायला भंडाऱ्याला गेली होती. त्याच्याकडे आठ हजार जमलेत. बाकीचे हप्त्याने देतो म्हणाला. हप्ता म्हणजे मागच्या दाराने भाव करणंच. नाही म्हटलं. मग म्हणाला, एकदा वाजवून तरी दाखवता का जी, मोबाईलमधी भरून नेतो. मी म्हटलं, सुई नाही. आणि मोबाईलमध्ये भरून दिली तर पंधरा हजार कोण देईल? हे दुसरं वाक्य मनात.

जाताना पुन्हा, जयंतीच्या आधी आजीले... म्हणून सुरुवात केली. मी नुसतं पाटीकडे पाहिलं. बिचारा थांबला. माणूस चांगला आहे, फक्त आजी सोडत नाही.

आठ हजारांत दिली असती तर काय बिघडलं असतं? पण द्यायचीच नाही. मग पंधराला तरी कुठे द्यायची आहे? हा विचार पुढे नेणार होतो, पण जेवायची वेळ झाली.

२६ मार्च

जागेश्वरने बोलणं टाकलंय माझ्याशी, स्वातीशी नाही. त्याने तिला सांगितलं, की कोंढ्याचा एक जण त्या रेकॉर्डसाठी येतो. स्वातीने विचारलं, कोन हाये थो? कायले पायजे त्याले? मी म्हटलं, विचारलं नाही, पाटीवर तसं स्पष्ट लिहिलंय. म्हणाली, दोन डाव आला मानूस, अन् तुमी इचारलं नाही? घरी आना थे रेकॉर्ड.

घरी आणणार आहे. पण तिच्यामुळे कपाटाला वजन आहे, म्हणून लगनसराईपर्यंत राहू देतो. तोवर स्टिकर बदलून पन्नास हजार करावं असं मनात आलं. पण एकदा लिहिलेला भाव बदलला तर तो फिक्स्ड कसला? भूषण हसेल. त्याला कळणार नाही, तरी हसेल.

९ एप्रिल, दुपार



संघपाल आला. पाटीखाली उभा राहिला आणि म्हणाला, काकाजी, पूर्ण भाव आनला. काही माहे, काही वस्तीतल्या लोकांनी देल्ले.

मी म्हटलं, बसा. आजवर इथे कुणाला बसा म्हटलं नव्हतं. म्हटलं, चहा घ्या, घाई काय आहे. म्हटलं, रेकॉर्ड जुनी आहे, खरखर असेल. म्हणाला, चालन. म्हटलं, कडेला टवका आहे. टवका नव्हता. म्हणाला, चालन. म्हटलं, खरं सांगायचं तर तुम्हाला महाग पडतेय, दुसरीकडे चौकशी करा. म्हणाला, दुसरीकडं नाहीच जी. शेवटी म्हटलं, त्याचं काय आहे, आमचं एक घरगुती कारण आहे. तर त्याने मान वर करून पाटी वाचून दाखवली. कारण सांगू नये. चेष्टेने नाही, अगदी आदराने. पुढचं वाक्यही तसंच वाचलं, माल मिळेलच.

भाव करणारं दुकान असतं तर सुटलो असतो. पंचवीस हजार म्हटलं असतं, तीस म्हटलं असतं, नाही जमत म्हणून दोघं हसत उठलो असतो. इथे उठायला जागाच नव्हती. मी पुढचं वाक्य शोधत होतो, तेवढ्यात त्याने मोबाईल धरला आणि डबा ओरडला, पंधरा हजार रुपये प्राप्त झाले.

स्वाती पलीकडे नवरीची साडी दाखवत होती. तिथूनच विचारलं, पंधरा हजाराचं काय गेलं? ती उठून आली. कपाटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग माझ्याशी न बोलता त्याला विचारलं, कोनासाठी नेता भाऊ?

आजीसाठी जी, म्हणाला. शकुनबाई माही आजी. पंच्यांशी वर्षांची हाये. तिचा आवाज भरलेली एवढीच एक चीज, घरची होती थे कवाचीच फुटली. जयंतीले स्टेजवर तिच्यासमोर वाजवाची हाये.

शकुनबाई हयात आहेत, हे मला माहीत नव्हतं. विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. पण मग पाटीला अर्थ काय राहिला असता?

मग स्वातीनेच रेकॉर्ड काढली, पदराने पुसली, साडीच्या बॉक्समध्ये कागद घालून ठेवली. म्हणाली, याच्यात कलारनेट हाये ना भाऊ, थे माह्या बाबाचं. पैसे परत घेऊन जा. तो एकदम उठून उभा राहिला. म्हणाला, मले माहीत नव्हतं जी, राहू द्या मंग. ती म्हणाली, नाही, जिचा आवाज तिच्या घरी जाऊ द्या. तो म्हणाला, तं लिहिलेला भाव घ्या. वस्तीचे पैसे हायेत, मांगून आनली असं कोनी म्हनू नये. आणि पैसे परत घेतले नाहीत.

मग तिने शकुनबाईंसाठी पांढरी सुती साडी काढली. त्याला फुकट नको. साडीवर सहाशे लिहिले होते. स्वाती तीनशे म्हणाली. तो सहाशे म्हणाला. ती साडेतीनशे, तो साडेपाचशे. साडेचारशेला जमलं आणि दोघंही हसले. उलटा भाव मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

तो गेल्यावर वाटलं, आता ती बोलेल. ती तिच्या गिऱ्हाइकाकडे परत गेली. नवरीच्या साडीत न मागता दोनशे कमी केले.

१० एप्रिल

स्वाती बोलते, पण जेवढं लागतं तेवढंच. मी तत्त्व समजावलं. समजावताना बोट आपोआप पाटीकडे गेलं. तिने बोटाकडे पाहिलं. मी खाली घेतलं.

पंधरा हजारांचं काय करायचं विचारलं. म्हणाली, मले कायले इचारता? थे तुमचे हायेत, फिक्स रेटचे.

१४ एप्रिल

जयंतीची मिरवणूक दुकानावरून गेली. मोठे स्पीकर. एक गाणं संपून दुसरं लागलं की स्वाती साडीची घडी घालताना थांबायची, थोडं ऐकायची आणि पुन्हा घडी घालायची. आमची रेकॉर्ड इथे कशी लागणार? ती आज कोंढ्याला.

१८ एप्रिल, मंगळवार

दुकानाची सुटी. स्वाती माल बघायला भंडाऱ्याला गेली, संध्याकाळी रिकाम्या हाताने आली. म्हणाली, भाव नाही जमला. स्वातीचा भाव जमला नाही असं कधी झालेलं नाही. पण चेहरा बरा होता, म्हणून जास्त विचारलं नाही.

२० एप्रिल

नागपूरला जाऊन सुई आणली. बाराशे. एक शब्द न बोलता दिले. भूषणने मान वर केली. ओळखलं नसावं.

घरी येऊन बसवली. स्वातीला बोलावलं. दारात येऊन उभी राहिली. मी म्हटलं, झाली चालू, काय लावू? ती म्हणाली, आता कायले? आणि आत गेली.

लावायला भरपूर आहेत. हाताला आली ती लावली. शॉर्टहँडचा साहेब निघाला. आपलं पत्र मिळालं, विलंबाबद्दल क्षमस्व, असं इंग्रजीत फार सावकाश सांगतो. पूर्ण ऐकली. दुसरी बाजूही ऐकली.

२५ एप्रिल, मंगळवार

स्वाती पुन्हा भंडाऱ्याला. पुन्हा रिकामी. मी म्हटलं, लगनसराई तोंडावर आहे आणि दोन फेऱ्यांत एक साडी येत नाही म्हणजे काय? म्हणाली, पाहून राहिली.

माझ्या डोक्यात मात्र एक योजना आली आहे. साधी आहे. पंधरा हजार परत, रेकॉर्ड परत, स्वातीला सरप्राइज.

२ मे, मंगळवार, संध्याकाळ

स्वाती सकाळी भंडाऱ्याला गेली, मी मागच्या बसने निघालो. भंडाऱ्याला बस बदलून कोंढा. संघपालचं घर पहिल्याच माणसाने दाखवलं. दारात चपलांचा एक जोड होता. ओळखीचा वाटला. जागेश्वरच्या दुकानातला, डाव्या पट्ट्याला स्वातीने स्वतः घातलेला टाका.

संघपाल बँकेत होता. त्याच्या बायकोने, प्रतिक्षाने, दार उघडलं. म्हणाली, या जी, काकूजी आतच हायेत. काकूजी! खोलीत बाजेवर एक वाळकी म्हातारी, अंगावर ती पांढरी साडी. जमिनीवर प्लेअर, आणि त्याला टेकून माझी बायको. तिने मला पाहिलं आणि दचकलीसुद्धा नाही. फक्त ओठांवर बोट ठेवलं, कारण दुसरं कडवं संपत होतं.

मग सासरे वाजले. ही रेकॉर्ड कित्येक वर्षं माझ्या घरात होती, आणि मी तिची कड तपासली, कागद तपासला, पण एवढं शांत बसून कधी ऐकली नव्हती. फार थोडा वेळ वाजतात. मला लाज वाटली.

शकुनबाई म्हणाल्या, इथं माहा दम तुटला होता. खोकला आला. कंपनीवाला म्हने, पुन्हा भरायले पैसे नाहीत. तं भैय्यालाल मास्तरनं डोळ्यानंच मले थांब म्हटलं, अन् तेवढी जागा फुकून भरली. थ्या गान्यात कलारनेट नव्हतंच पोरी, थो माह्यासाठी वाजवला.

स्वातीला हे तोंडपाठ असावं. तरी पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकत होती.

मी पिशवीतून पैसे काढले. काढायला नको होते, पण योजना तशी होती. म्हटलं, आजीबाई, हे पंधरा, रेकॉर्ड परत द्या. म्हणाल्या, इकाची नाही जी. मी म्हटलं, सोळा. स्वाती म्हणाली, अवो. मी म्हटलं, अठरा. प्रतिक्षा पाणी घेऊन आली होती, ती पेला धरून तशीच उभी. मी वीस म्हटलं. वीस हजार माझ्याकडे नव्हतेही. शकुनबाई म्हणाल्या, जवाईबापू, पानी घ्या अगोदर.

मी पाणी घेतलं. मग पैसे परत पिशवीत ठेवले. परतीच्या बसमध्ये स्वाती बायकांच्या सीटवर बसली. मला मागे जागा मिळाली.

४ मे

पाटी पुसू का, असं विचारलं. स्वाती म्हणाली, राहू द्या. मी म्हटलं, तुझी गिऱ्हाइकं जातात. म्हणाली, मी साडी टांगीन ना, राहू द्या. कपाट लगनसराईआधी रिकामं पाहिजे होतं ना, अशी आठवण दिली. तेही राहू द्या म्हणाली. म्हणजे शॉर्टहँडचा साहेब, बाकीच्या रेकॉर्डी, पाटी आणि तिच्याखाली मी, सगळं आहे तसं. ती चिडली असती तर काहीतरी बोलणं पुढे गेलं असतं.

९ मे, मंगळवार

स्वाती कोंढ्याला. आता भंडारा म्हणत नाही. सकाळी मी सुचवलं, की एकदा मोबाईलमध्ये भरून आण, म्हणजे दर आठवड्याचं बसभाडं वाचेल. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी तिचा डबा स्वतः पिशवीत भरून दिला.

१६ मे, मंगळवार

आज स्टँडपर्यंत तिच्यासोबत गेलो. म्हटलं, मीपण येतो. म्हणाली, नको. म्हटलं, आत येत नाही, ओसरीत बसतो. म्हणाली, नको. म्हटलं, दर मंगळवारी नाही, महिन्यातून एकदा. नको. दोन महिन्यांतून एकदा. ती बसची पाटी वाचत होती. म्हटलं, गाणं नाही ऐकत, फक्त दुसऱ्या कडव्यानंतरचं तेवढं. ते झालं की उठतो.

बस आली. चढताना दांडा धरून ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, पाहू.

साड्यांच्या दुकानात बसून एवढं मला कळतं, की पाहू म्हणून उठलेलं गिऱ्हाईक परत येत नाही. पण नाही म्हणाली नाही. पाहू म्हणाली. सुरुवातीचा भाव म्हणून वाईट नाही.